भाईंदरच्या टाकीतला ऊस आणि आपल्या पाटाचे पाणी

(शेतकी खात्याकडून)



गेल्या पावसाळ्यात, गाळप बंद असताना, आम्हाला चार दिवस भाईंदरला जाण्याचा योग आला. निमित्त भाच्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचे. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, आपल्या कारखान्याचे जुने सभासद. पाटाखालची दोन एकर जमीन, त्यात ऊस, आणि वाटणीला तीन भाऊ. म्हणून हा पोरगा बारावीनंतर मुंबईकडे गेला आणि भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात कामाला लागला. आपल्या कार्यक्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावची चार-दोन पोरे आज मीरारोड, भाईंदर, नालासोपारा या बाजूला आहेत, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने आम्हाला मोटारसायकलवर मागे बसवून काशिमिऱ्याला नेले. महामार्गाच्या कडेला पेट्रोल पंपावर रांग होती. आपला नंबर लागल्यावर तो हसून म्हणाला, “बघा मामा, तुमचा ऊस भरतोय गाडीत.” आम्हाला बरे वाटले. पण लगेच पुढचे ऐकावे लागले. “पूर्वी ही गाडी लिटरला पंचावन्न द्यायची, आता एक्कावन्नच्या पुढं जात नाय. गॅरेजवाला म्हणतो, जुनी गाडी हाय, पाईपबी बदलून घ्या. आन् भाव बघा, रुपयानं तरी उतरलाय का?”

आम्ही त्याला परकीय चलनाचे, शेतकऱ्याच्या घामाचे आणि देशाच्या स्वावलंबनाचे भाषण दिले. त्याने ऐकून घेतले. संध्याकाळी घरी आलो तर सोसायटीच्या दारात पाण्याचा टँकर उभा होता आणि बायाबापड्या वरून डोकावून बघत होत्या. तेव्हा त्याने दुसरा प्रश्न टाकला. “मामा, एक लिटर ते इथेनॉल करायला शेतात पाणी किती लागतं हो?”

वीस वर्षे आम्ही शेतकी खात्यात काढली. पाण्याच्या पाळ्या, पंपांचे हॉर्सपॉवर, कालव्याचे आवर्तन आम्हाला तोंडपाठ. पण हा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. तो परतीच्या एस.टी.त केला. तो आज सभासदांपुढे मांडतो आहोत. कारण आसवनीची क्षमता वाढवण्याचा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यायचा आहे. चावडीवर आणि गटकचेरीत सध्या एकच बोलणे ऐकू येते, की आता इथेनॉल आलेय, ऊस कितीही लावा, कमीच पडणार.

आमचे मत स्पष्ट आहे. आसवनी वाढवावी, पण तिच्यासाठी उसाचा एक एकरही वाढवू नये. ऊस विकास अधिकाऱ्याने असे लिहावे याचे काहींना नवल वाटेल. म्हणून कारणे सविस्तर देतो.

मळीपासून मोटारीपर्यंत

जुन्या सभासदांना आठवत असेल, एके काळी मळी म्हणजे कारखान्याची डोकेदुखी होती. १९९३ पर्यंत मळीवर केंद्र सरकारचे नियंत्रण होते, भाव नाममात्र. टाक्या भरल्या की ती ठेवायची कुठे हा प्रश्न पडे. पुढे तिच्यापासून अल्कोहोल करून ते दारू आणि रसायनांच्या कारखान्यांना जाऊ लागले. मोटारीच्या इंधनात अल्कोहोल घालण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. १९४८ साली देशात पॉवर अल्कोहोलचा कायदाच झाला होता. पण खनिज तेल स्वस्त मिळत होते तोवर त्याला फारसा जोर आला नाही.

खरी सुरुवात झाली ती २००१ साली, आणि ती आपल्या राज्यात झाली याचा अभिमान वाटावा. मिरज आणि मनमाड या दोन ठिकाणी, तसेच उत्तर प्रदेशात बरेलीजवळ, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग झाला. २००३ च्या जानेवारीपासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत शंभर भागांत पाच भाग मिश्रण सुरू झाले. पुढची दहा वर्षे ते रडतखडत चालले. २०१३-१४ साली देशभरात सारे मिळून ३८ कोटी लिटर इथेनॉल पेट्रोलमध्ये गेले. प्रमाण होते दीड टक्का.

२०१८ साली राष्ट्रीय जैवइंधन धोरण आले. त्याच वर्षी बी हेवी मळी आणि उसाचा रस यांच्या इथेनॉलला वेगवेगळा, चढा भाव मिळाला. आसवन्यांच्या कर्जाला व्याजात सवलत मिळाली. मग गाडीने वेग घेतला. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्के मिश्रण गाठले, आणि २०३० सालचे २० टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे आणून २०२५ मध्येच गाठले. केंद्र सरकारच्या म्हणण्याप्रमाणे २०१४-१५ पासून २०२५ च्या जुलैपर्यंत यामुळे सुमारे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरात पंचाऐंशीहून अधिक हिस्सा बाहेरून आणावा लागतो. तेव्हा ही बचत थोडी नव्हे.

कारखान्याला काय मिळाले, तेही सांगितले पाहिजे. साखरेचा किमान विक्री भाव २०१९ च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये झाला आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच अडकला. उसाची एफआरपी मात्र दरसाल चढत गेली. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये झाली. साखर गोदामात पडून राहते, तिच्यावर तारण कर्ज, कर्जावर व्याज. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून त्या मानाने लवकर येतात. अनेक कारखान्यांना उसाचे बिल वेळेवर देता आले ते या टँकरांमुळेच. हे आम्ही नाकारत नाही. नाकारणारा कृतघ्न ठरेल.

तीन वाटा, तीन हिशेब

सभासदांपैकी पुष्कळांना सी हेवी, बी हेवी हे शब्द कानावरून गेलेले असतात, पण फोड कोणी करून सांगत नाही. उसाच्या रसातून जेवढी काढता येईल तेवढी साखर काढून घेतली की शेवटी जी मळी उरते ती सी हेवी. एक टन उसामागे तिच्यापासून अंदाजे दहा-अकरा लिटर इथेनॉल निघते. साखर थोडी कमी काढून गोड मळी आधीच बाजूला घेतली तर ती बी हेवी. तिच्यापासून टनाला वीस लिटरांच्या आसपास. आणि साखर न करता सगळा रसच आसवनीला दिला तर टनाला सुमारे ७० लिटर.

२०२४-२५ च्या वर्षात तेल कंपन्यांचे लिटरचे भाव होते सी हेवीला ५७.९७, बी हेवीला ६०.७३ आणि रसाला ६५.६१ रुपये. बी हेवी केली की साखरेचा उतारा कमी दिसतो. वळवलेल्या साखरेचा उतारा एफआरपीच्या हिशेबात धरायचा असतो. तो धरला आहे की नाही, हे सभेत विचारण्याचा सभासदांना हक्क आहे आणि त्यांनी तो बजावावा.

या तीन वाटांत एक मोठा फरक आहे आणि आमचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. सी हेवीचे इथेनॉल हा साखरेचा जोडधंदा आहे. ऊस साखरेसाठी लावला, पाणी साखरेसाठी दिले, उरलेल्या मळीतून इंधन निघाले. त्याला वेगळा एकर लागत नाही, वेगळे पाणी लागत नाही. बी हेवी ही मधली वाट. देशात साखर जास्त झाली असेल तर तीही शहाणपणाची, आणि साखर जास्त झाली असेल तर रसाचेही समर्थन करता येते. पण केवळ इंधनासाठी म्हणून नवा ऊस लावायचा, तर त्या उसाचे सगळे पाणी आणि सगळी जमीन त्या इंधनाच्या नावावर मांडावी लागते. इथे हिशेब पालटतो.

किल्ली कोणाच्या हाती?

सभासद म्हणतील, पाण्याचे आम्ही बघून घेऊ, पैसा तर येतोय ना! तर पैशाची बाजू आधी घेऊ.

२०२३ साली पाऊस दगा देऊन गेला. देशात साखर कमी होणार अशी चिन्हे दिसली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राचा हुकूम निघाला, की या वर्षी उसाच्या रसापासून इथेनॉल करू नये. कारखान्यांनी बॉयलर पेटवून महिना उलटून गेला होता, करार झाले होते, कर्जाचे हप्ते सुरू होते. आठवडाभराने थोडी ढील मिळाली, पण सगळ्या देशाला मिळून १७ लाख टन साखरेएवढाच रस व मळी वळवण्याची मर्यादा घातली. ती बंधने ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस उठली, पुढच्या हंगामासाठी. सरकारला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. शहरातल्या माणसाच्या चहात साखर घालणे हे कोणत्याही सरकारचे पहिले काम असते, गाडीत इथेनॉल घालणे दुसरे. हे ओळखूनच आपण पावले टाकली पाहिजेत.

त्याच सुमारास धान्याच्या आसवन्या पुढे आल्या. मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये मिळू लागले, आपल्या बी हेवीपेक्षा अकरा रुपये जास्त. परिणाम असा, की २०२५-२६ या वर्षासाठी तेल कंपन्यांनी पहिल्या वाटपात सुमारे १,०४८ कोटी लिटरची मागणी नोंदवली, तीत उसाच्या सर्व प्रकारांचा मिळून हिस्सा शंभरात तिसाच्याही आत आला. बाकीचे मका आणि तांदळाकडे गेले. देशातून देऊ केलेले इथेनॉल मात्र १,७७६ कोटी लिटर होते. म्हणजे माल जास्त आणि गिऱ्हाईक एकच! जितका ऊस लावू तितका इथेनॉलला कमीच पडेल, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

परदेशाचे उदाहरण घ्यायचे तर ब्राझीलचे. त्या देशाने १९७५ साली अल्कोहोलचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. १९८० नंतर तिकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. पुढे साखरेला बाहेर भाव आला, कारखाने साखरेकडे वळले, आणि १९८९-९० मध्ये पंपांवर अल्कोहोलचा तुटवडा पडला. लोक रांगेत उभे राहिले आणि चिडले. त्या मोटारींची विक्री कोसळली. गिऱ्हाइकाचा विश्वास परत यायला २००३ साल उजाडावे लागले. तेव्हा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या, पसंती मोटारवाल्याच्या हाती आली. कारखाना असो की सरकार, गिऱ्हाईक गमावले तर धंदा बुडतो. आपले गिऱ्हाईक कोण? तेल कंपनी हा मधला दलाल झाला. खरे गिऱ्हाईक काशिमिऱ्याच्या पंपावर रांगेत उभा राहिलेला आमचा भाचा आहे.

गिऱ्हाइकाशी खरे बोलावे

भाच्याच्या तक्रारीत तथ्य किती? इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ताकद कमी असते. पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल, त्यात तिसरा हिस्सा ताकद कमी, म्हणजे मिश्रणात शंभरास सहा-सात कमी. इथेनॉल पेट्रोलपेक्षा चांगल्या प्रतीने जळते, इंजिन त्याला जुळवलेले असेल तर काही तूट भरून निघते. जून २०२१ मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या दुचाकींना तीन ते चार टक्के आणि चारचाकींना सहा ते सात टक्के घट धरली होती. पंचावन्नाचे एक्कावन्न होणे म्हणजे सात टक्क्यांवर. तेव्हा भाच्याची निम्मी तक्रार इथेनॉलची, आणि निम्मी त्याच्या जुन्या गाडीची व भाईंदरच्या फाटकातल्या गर्दीची, असे आम्ही धरतो. जुन्या गाड्यांतल्या काही रबरी भागांना इथेनॉल मानवत नाही, हेही खरे आहे आणि ते बदलावे लागतात.

भावाचे काय? २०२५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले, की इथेनॉलचा सरासरी खरेदी भाव वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१ रुपयांवर गेला आहे आणि तो शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या मूळ किमतीपेक्षा जास्त आहे. म्हणजे पंपावर भाव उतरण्याची आशा नव्हती. थोडक्यात, शहरातला हा मोटारसायकलवाला आपल्या उसासाठी लिटरमागे तीन-चार रुपयांची झीज सोसतो आहे. त्याला हे कोणी विचारले नाही. त्याने कुरकूर केली तर ‘शेतकऱ्याचा वैरी’ म्हणून त्याच्यावर ओरडणे बरोबर नाही. तो आपल्याच दाजींचा पोरगा आहे. त्याने सोसलेल्या झिजेचे आपण चीज केले पाहिजे, इतकेच आमचे म्हणणे.

एका लिटरमागे पाणी किती?

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे. आकडा ऐकून आम्ही दचकलो आणि आपल्या शिवाराशी ताडून पाहिला. एकरी चाळीस टन ऊस धरला, टनाला ७० लिटर, म्हणजे एकरी २,८०० लिटर इथेनॉल. त्याला २,८६० ने गुणले तर ८० लाख लिटर पाणी होते. हे पाणी एका एकरात एकदम उभे केले तर साडेसहा फूट खोल होईल. अडसाली उसाला सरीतून मोकाट पाणी देणाऱ्या कोणाही सभासदाने पाळ्या मोजून पाहाव्यात. हा आकडा फुगवलेला नाही, हे त्यालाच पटेल.

कृषिमूल्य आयोगानेही आपल्या अहवालांत महाराष्ट्रातील उसाविषयी म्हटले आहे, की पिकाखालील क्षेत्रात त्याचा वाटा चार टक्क्यांहून कमी, पण सिंचनाच्या पाण्यात जवळजवळ सत्तर टक्के. या सत्तराच्या आकड्यावर वाद घालता येईल. तो साठ धरा, पन्नास धरा, तरी बोच कमी होत नाही.

आता हे पाणी मीरा-भाईंदरशी ताडून पाहू. २०११ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती ८ लाख ९ हजार होती, आज ती किती वाढली असेल ते डोळ्यांना दिसते. तिन्ही बाजूंना पाणी, पण खाडीचे नि समुद्राचे, खारट. पिण्याचे पाणी लांबून येते. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या धरणाच्या प्रादेशिक योजनेतून या शहराला रोज २१ कोटी ८० लाख लिटर पाणी देण्याचे ठरले. आमच्या हिशेबाने २७ एकर उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत तेवढे पाणी जाते. त्या २७ एकरांतून इथेनॉल निघेल ७५ हजार लिटर. एका बाजूला एवढ्या मोठ्या शहराचे एक दिवसाचे पाणी, दुसऱ्या बाजूला साडेसात-आठ टँकर इंधन.

कोणी म्हणेल, आपल्या नदीचे पाणी काही भाईंदरला जात नाही. नाहीच जात. पण सूर्या धरण मुळात कशासाठी होते? डहाणू-पालघरकडच्या शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी. त्यांनी पाणी शहराकडे नेण्याला विरोध केला, तरी नळ शहराकडे गेलाच. पिण्याच्या पाण्यापुढे शेताचे पाणी मागे सरते, हा सगळीकडचा रिवाज आहे आणि माणुसकीने पाहिले तर तो चुकीचाही नाही. आपल्या धरणाखालीही शहरे वाढताहेत, औद्योगिक वसाहती वाढताहेत. उद्या पाण्याचे वाटप नव्याने होईल तेव्हा “एवढे पाणी घेऊन तुम्ही काय केले?” असा प्रश्न आपल्याला विचारला जाईल. त्या दिवशी “मोटारीत घातले” एवढेच उत्तर असेल तर आपली बाजू लंगडी पडेल. “पाणी निम्म्यावर आणले आणि ऊस वाढवला” असे सांगता आले तर आपले पाणी कोणी सहजासहजी काढून घेणार नाही.

आमच्या खात्याची कबुली

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे वाडवडील सांगून गेले. पण मुळासकट खायला शिकवण्यात आमच्या खात्याचाही हात आहे, हे इथे कबूल करतो. शेतकी खात्याचा अहवाल निघतो तेव्हा पहिला रकाना असतो नोंद क्षेत्राचा. यंदा नोंद इतक्या एकरांची, गेल्या वर्षापेक्षा इतकी वाढ. नोंद वाढली की आमची पाठ थोपटली जाते. एकरी टनेज शेवटच्या पानावर आणि पाण्याचा रकाना अहवालात नाहीच. जे मोजले जात नाही ते सुधारत नाही. आम्हीही ते मोजले नाही.

२०१७ साली राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता. आज शिवारात फिरताना सभासदांना काय दिसते? पाटाला पाणी आले की रात्रभर मोकाट सोडायचे, सकाळी बांध फुटलेला. वीज रात्रीची, माणूस थकलेला, ठिबकचा खर्च अंगावर येणारा, उंदीर नळ्या कुरतडणारे. अडचणी खऱ्या आहेत. त्या आम्ही रोज ऐकतो. पण ज्या सभासदांनी ठिबक नीट चालवले त्यांचे पाणी चाळीस-पन्नास टक्के वाचले आणि ऊसही वाढला, हेही आम्ही रोज पाहतो.

साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. पाच एकरांत एकरी चाळीस टन म्हणजे दोनशे टन. चार एकरांत एकरी पन्नास टन म्हणजेही दोनशे टनच. पाचवा एकर मोकळा राहिला, त्यात सोयाबीन घ्या, हरभरा घ्या, मका घ्या, नाहीतर जमिनीला विसावा द्या. पन्नास टन ही काही आकाशातली चांदणी नाही. त्यासाठी काय करावे लागते, ते या पानांतून आम्ही दरसाल सांगतो. पुन्हा थोडक्यात सांगतो. बेणे बेणेमळ्यातलेच, नऊ-दहा महिन्यांचे वापरावे. को ८६०३२ असो की फुले २६५, आपल्या जमिनीला कोणते मानवते ते गटातल्या कर्मचाऱ्याला विचारावे. पाचट जाळू नये, सरीत दाबावे. खोडव्याकडे सावत्र पोरासारखे बघू नये. माती तपासल्याशिवाय युरियाची पोती ओतू नयेत. आणि लागण वेळेवर करावी, म्हणजे तोडणीच्या वेळी मुकादमाच्या दारात उभे राहावे लागत नाही.

सभेपुढे तीन गोष्टी

टीका करून मोकळे होणे सोपे असते. म्हणून आमच्या तीन सूचना सभासदांच्या विचारासाठी मांडतो.

पहिली सूचना अशी, की आसवनीची वाढ आहे त्या उसावर आणि बिगरहंगामात धान्यावर चालेल, अशा बेताने करावी. सहकारी कारखान्यांच्या आसवन्या मका व खराब धान्यावरही चालाव्यात म्हणून केंद्राने मार्च २०२५ मध्ये व्याज सवलतीची योजना आणली आहे. मोकळ्या केलेल्या पाचव्या एकरातला मका आपल्याच आसवनीला देता येईल. मक्यालाही पाणी लागते, कोंबडी-खाद्यवाल्यांची मागणी असतेच, भाव वरखाली होतो, हे ध्यानात ठेवून. पण साडेतीन-चार महिन्यांचे पीक आणि सोळा महिन्यांचे पीक यांच्या तहानेत फरक आहे.

दुसरी सूचना, विकल्या जाणाऱ्या इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागे एक रुपया ‘पाणी बचत निधी’ म्हणून वेगळा काढावा. वर्षाला एक कोटी लिटर विकले तर एक कोटी रुपये होतात. सरकारी अनुदानाखेरीज एकरी पंचवीस हजारांची मदत दिली तरी दरसाल चारशे एकर ठिबकखाली येतात. दहा वर्षांत चार हजार एकर. गिऱ्हाईक पंपावर तीन-चार रुपयांची झीज सोसते, तर आपण एक रुपया पाण्यासाठी सोडणे जड नाही. उसाच्या बिलातून कापू नये, आसवनीच्या नफ्यातून काढावा, एवढे आम्ही आवर्जून सांगतो. नाहीतर ‘आणखी एक कपात’ म्हणून सभासद बिथरतील आणि त्यांचे चुकणार नाही.

तिसरी सूचना आमच्याच खात्यासाठी. पुढच्या वार्षिक अहवालात नोंद क्षेत्र शेवटी आणि एकरी टनेज पहिल्या रकान्यात छापावे. सोबत ठिबकखालचे एकर आणि सी हेवी, बी हेवी व रस यांपासून किती लिटर निघाले याची फोड द्यावी. आमचे काम त्यावर तोलावे. यात आमची अडचण झाली तर होऊ द्या.

उसाच्या नावाने बोटे मोडणारे शहरी विद्वान पुष्कळ आहेत. ऊस बंद करा, असे म्हणणे त्यांना सोपे जाते. उसाने आपल्या भागात शाळा आणल्या, दवाखाने आणले, पक्की घरे आणली. हे पीक आपण सोडणार नाही. पण इथेनॉल हा उसाचा जोडधंदा म्हणून राहिला तर आपल्याला तारील, त्याच्या मागे लागून शिवारच गहाण टाकले तर बुडवील. शिवाय भाच्याच्या गाळ्यातल्या दोघा-तिघांनी विजेवरच्या दुचाक्या घेतल्या आहेत, हेही आम्ही पाहून आलो. पेट्रोलची मागणी आज आहे तशीच कायम राहील, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. एकरी टनेज आणि वाचवलेले पाणी मात्र कोणत्याही काळात आपल्याच पदरात राहते.

गावी परतल्यावर आम्ही दाजींच्या रानात गेलो. पहिल्यांदा त्यांनी “ह्या वयात कुठं नळ्या अंथरू?” म्हणून उडवून लावले. मग पोराचा प्रश्न त्यांना सांगितला, टँकर सांगितला. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “लिव्ह माझं नाव. पण एक एकर. पयलं बघतो.” तेवढे पुरे आहे. एका एकराचा हिशेब पदरी आला, की दिवाळीला भाचा घरी येईल तेव्हा त्याला बांधावर नेऊन दाखवता येईल.

सभासदांनी या तीन सूचनांबद्दल आपले अनुकूल-प्रतिकूल मत सभेपूर्वी आपल्या गटकचेरीत लेखी द्यावे, ही विनंती. प्रतिकूल मतेही आम्हाला हवी आहेत.

— ऊस विकास अधिकारी